घर पाहावे भाड्याने देऊन

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने केली त्याने घर बांधले असेल, लग्नही केले असेल, पण घर भाड्याने मात्र दिलेले नसावे. नाहीतर म्हणीत तिसरी ओळ नक्की आली असती.

दरवर्षी गणेशोत्सवात मंडळाच्या जेवणाच्या रांगेत कोणीतरी तरुण मला गाठतो आणि विचारतो, "दादा, तुमचं वुस्टरला भाड्याचं घर आहे ना? आम्हीही एखादं घ्यावं म्हणतोय. काय सल्ला द्याल?" मागे रांग असते, हातातली ताटली मसालेभाताने कलंडत असते. मी काहीतरी सटरफटर सांगून सुटका करून घेतो. यंदा संपादकांनी पुरवणीसाठी लेख मागितला, तेव्हा ठरवले की एकदा सविस्तर लिहून टाकावे. मी धंद्याने सॉफ्टवेअर इंजिनीअर, पदवीने इंजिनीअरिंगचा डॉक्टर, इतिहासकार नव्हे. पण माझ्या घराचा इतिहास मी वाचला नसता तर त्या घरात माझे आणखी पैसे बुडाले असते. म्हणून सल्ला देतो तो इतिहासातूनच.

सुरुवात गिरगावातून करावी लागेल. माझे बालपण तिथल्या एका चाळीत गेले. तीन मजले, एकवीस बिऱ्हाडे, समोर सलग गॅलरी. १९८५ च्या सुमारास आमच्या दोन खोल्यांचे भाडे होते महिना २४ रुपये. मालक पहिल्या तारखेनंतर स्वतः पावतीपुस्तक घेऊन यायचे. गॅलरीखाली लाकडी टेकू लावलेले होते, आणि आम्ही मुले त्या टेकूंभोवती लपंडाव खेळायचो. १९८९ च्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा एक तुकडा कोसळला. कोणी दगावले नाही. शेजारच्या काकूंचा पाय मोडला. त्या रात्री अख्ख्या चाळीने मालकाचा उद्धार केला, त्यात माझे बाबा पुढे होते.

मालकाचा हिशोब मी मांडला तो पुष्कळ वर्षांनी, अमेरिकेत, स्वतः मालक झाल्यावर. एकवीस बिऱ्हाडे गुणिले २४ रुपये, म्हणजे महिना ५०४ रुपये. त्यात कर भरायचा, झाडूवाल्याचा पगार द्यायचा आणि गॅलरीही दुरुस्त करायची. मालक काही साधुसंत नव्हते. खोली हस्तांतरित होताना पागडीतला वाटा ते मोजून घेत. पण ५०४ रुपयांत गॅलरी होत नाही, हे गणित त्या रात्री आमच्यापैकी कोणीच केले नव्हते.

ते गणित असे का झाले? मुंबईतल्या चाळी म्हणजे मुळात भाड्याच्या घरांतली मोठी गुंतवणूक. गिरण्या आल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, आणि ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी चाळी उठवल्या. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारला जाग आली, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, १९२० नंतर बीडीडीच्या चाळी उभ्या राहिल्या. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि त्याने बहुतेक जुन्या जागांचे 'प्रमाण भाडे' १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. कायदा तात्पुरता होता. तो पुन्हा पुन्हा मुदतवाढ घेत पन्नास वर्षे जगला. भाडे गोठले, पण सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने खोली सोडायची नाही असे ठरवले, आणि जे बाजारभाव कायद्याने दारातून हाकलले ते पागडीच्या रूपाने खिडकीतून आत आले. १९६९ मध्ये सरकारने उपकर बसवून पडक्या इमारतींची दुरुस्ती करणारे मंडळ काढले. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सांगितले. १९९९ च्या नव्या कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली आणि पागडीलाही कायद्यात जागा दिली. तोवर आमच्या चाळीचे टेकूही म्हातारे झाले होते.

आता माझ्या वुस्टरच्या घराकडे येतो. न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना थ्री-डेकर सांगायला नको. एकावर एक ठेवलेले तीन सारखे फ्लॅट, लाकडी सांगाडा, पुढे आणि मागे प्रत्येक मजल्याला पोर्च. साधारण १८८० ते १९३० या पन्नास वर्षांत बोस्टनचे डॉर्चेस्टर, वुस्टर, फॉल रिव्हर, न्यू बेडफर्ड, प्रॉव्हिडन्स अशा गावांत ही घरे हजारोंनी झाली. १८८९ पासून बोस्टनमध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि शहराबाहेरच्या जमिनी कामगारांच्या आवाक्यात आल्या. वुस्टरमध्ये तारेचे, सहाणेच्या चाकांचे कारखाने होते. आयरिश, फ्रेंच कॅनेडियन, पोलिश, लिथुएनियन, स्वीडिश कुटुंबे आली. त्यांची युक्ती सोपी होती: तिघाचौघा नातेवाइकांनी पैसे जमवायचे, घर घ्यायचे, एका मजल्यावर स्वतः राहायचे, आणि दोन मजल्यांच्या भाड्यातून कर्ज फेडायचे. आज ज्याला तरुण मंडळी 'हाउस हॅकिंग' म्हणतात ते या गिरणी कामगारांना शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते.

हे सगळ्यांना रुचले नाही. मॅसॅच्युसेट्सने १९१२ मध्ये गावांसाठी आणि १९१३ मध्ये शहरांसाठी असे कायदे केले की स्थानिक मंडळींना लाकडी थ्री-डेकरवर बंदी घालता यावी. कारण आगीचे दिले गेले आणि ते खोटेही नव्हते. पण या घरांविरुद्ध हिरिरीने लिहिणाऱ्यांत प्रेस्कॉट हॉल नावाचे गृहस्थ होते, आणि हेच गृहस्थ १८९४ मध्ये बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या, परदेशी लोकांचे येणे रोखू पाहणाऱ्या संघटनेचे आधारस्तंभ होते. घर नको होते की घरात राहणारे नको होते, हा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा. आपल्याला यातून मिळणारा पहिला धडा मात्र व्यवहाराचा आहे. घर पाहण्याआधी गावाचा झोनिंगचा नियम पाहा. आज उभी असलेली तीन बिऱ्हाडांची इमारत कागदोपत्री तीन बिऱ्हाडांचीच आहे का, की तळघरातले बिऱ्हाड कोणीतरी चोरून केले आहे, हे नगरपालिकेत जाऊन बघा. विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

दुसरा धडा कर्जाचा. १९२० च्या दशकात घराचे कर्ज आजच्यासारखे नव्हते. तीन ते पाच वर्षांची मुदत, बहुधा नुसते व्याज भरायचे आणि शेवटी मुद्दल एकदम. मुदत संपली की बँक नवे कर्ज देई, म्हणून कोणाला भीती वाटत नसे. १९२९ नंतर बँकाच बुडाल्या, नवे कर्ज देणार कोण? हप्ते नीट भरणाऱ्यांचीही घरे गेली. १९३३ मध्ये सरकारने गृहकर्जांसाठी महामंडळ काढून सुमारे दहा लाख कर्जे आपल्याकडे घेतली, १९३४ मध्ये एफएचए आले, आणि लांब मुदतीचे, दर महिन्याला मुद्दलही फेडणारे कर्ज रूढ झाले. आज चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला असे तीस वर्षांचे, ठराविक व्याजाचे कर्ज मिळते. पाचवे बिऱ्हाड आले की कर्ज व्यापारी होते, आणि तिथे अजूनही पाच-दहा वर्षांनी मुद्दल एकदम मागण्याची पद्धत आहे. म्हणजे पाच बिऱ्हाडांची इमारत घेणारा माणूस थोडासा १९२८ साली जाऊन बसतो. त्याने बसू नये असे नाही, पण बसल्याचे त्याला कळले पाहिजे.

मी स्वतः २०१२ मध्ये हे घर २ लाख १५ हजार डॉलरना घेतले. एफएचएच्या कर्जाला साडेतीन टक्के रक्कम आधी भरावी लागे, म्हणजे साधारण साडेसात हजार डॉलर. अट एकच, की निदान वर्षभर स्वतः तिथे राहायचे. आम्ही दोघे मधल्या मजल्यावर चार वर्षे राहिलो. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीपासून हे कर्ज ग्रीन कार्ड नसलेल्या, नुसत्या वर्क व्हिसावरच्या माणसाला मिळत नाही. माझ्या वेळी मिळत होते. जुन्या मित्रांच्या सल्ल्यावर विसंबणाऱ्यांनी हे विशेष पाहावे, आणि त्या जुन्या मित्रांत मलाही धरावे.

त्याच महामंडळाने १९३० च्या दशकात शहरांचे नकाशे रंगवले. चांगल्या वस्त्या हिरव्या, 'धोक्याच्या' लाल. कृष्णवर्णीय आणि नवे परदेशी जिथे राहत त्या वस्त्यांना बहुधा लाल रंग मिळे, आणि सरकारी हमीची कर्जे तिथे पोचेनात. कर्ज नाही म्हणजे विक्री नाही, दुरुस्ती नाही. १९७० च्या दशकात बोस्टनच्या काही भागांत जळलेल्या घरापेक्षा उभ्या घराची किंमत कमी झाली. १९७७ मध्ये विम्यासाठी इमारती पेटवणारी टोळी पकडली गेली, तिच्यात ३३ जण होते आणि त्यांत घरमालकही होते. हे वाचताना मला आमचे टेकू आठवले. मुंबईत कायद्याने भाडे आणि दुरुस्ती यांची गाठ तोडली. इथे बँकांनी कर्ज आणि दुरुस्ती यांची गाठ तोडली. निमित्त वेगळे, पण घर मेले ते एकाच रोगाने.

ही गाठ इथे पुन्हा बांधली ती न्यायालयांनी. १९७३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की घर राहण्याजोगे ठेवणे हा भाड्याच्या करारातच गृहीत धरलेला भाग आहे. घर राहण्याजोगे नसेल तर भाडेकरू रीतसर कळवून भाडे अडवू शकतो. नवीन मालकांना हा कायदा भाडेकरूधार्जिणा वाटतो. मला तो गिरगावच्या आठवणीमुळे शहाणपणाचा वाटतो: भाडे हवे तर गॅलरी सांभाळ.

या कायद्यांच्या बाबतीत मी स्वतः कसा आपटलो तेही सांगतो, कारण फुकटचा सल्ला विसरला जातो, दुसऱ्याचे नुकसान लक्षात राहते. २०१३ मध्ये वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूकडून मी ९०० डॉलर अनामत घेतली आणि माझ्या बचत खात्यात टाकली. व्याज देणार होतो, पैसे बुडवायचा विचार स्वप्नातही नव्हता. पण या राज्याच्या कायद्यात अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, ती राज्यातल्या बँकेत वेगळ्या, व्याजाच्या खात्यात ठेवावी लागते, तीस दिवसांत भाडेकरूला खात्याची पावती द्यावी लागते, आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत हिशोब द्यावा लागतो. खाते वेगळे नसेल तर तिप्पट भरपाई. तो भाडेकरू गेला, भिंतीच्या नुकसानीवरून आमचा वाद झाला, आणि त्याच्या वकिलाचे पत्र आले. भिंतीबद्दल मी बरोबर होतो. २७०० डॉलर तरीही भरले, शिवाय माझ्या वकिलाचे वेगळे. डॉक्टरेट असलेल्या माणसाने दोन पानांचा कायदा वाचला नव्हता.

तसाच शिशाच्या रंगाचा कायदा, १९७१ चा. १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचे मूल राहत असेल तर शिसे काढून वा झाकून प्रमाणपत्र घेणे मालकाचे काम. आणि मूल आहे म्हणून भाडेकरू नाकारणे हा दुसरा गुन्हा. थ्री-डेकर म्हणजे १९७८ पूर्वीचेच, तेव्हा हा खर्च किमतीत आधीच धरा. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यापासून वंश, धर्म, मूळ देश पाहून घर नाकारता येत नाही. आपली काही मंडळी अजून सहज बोलून जातात, "आपल्यातलाच कोणी शाकाहारी, नोकरदार बघ रे." जाहिरातीत तर सोडाच, मनातही हे ठेवू नका. शंभर वर्षांपूर्वी प्रेस्कॉट हॉलच्या यादीत आपण कुठे बसलो असतो ते आठवावे.

भाडेनियंत्रण इथेही होते. १९७० पासून बोस्टन, केंब्रिज, ब्रुकलाइन येथे ते चालले, आणि १९९४ च्या सार्वमतात अगदी थोड्या फरकाने रद्द झाले. पुढे एमआयटीतल्या अर्थशास्त्रज्ञांनी केंब्रिजच्या घरांच्या किमती तपासल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार पुढल्या दहा वर्षांत नियंत्रण उठल्यामुळे किमतींत सुमारे दोन अब्ज डॉलरची भर पडली, आणि तिचा मोठा भाग कधीच नियंत्रणाखाली नसलेल्या घरांना मिळाला. शेजारचे घर सुधारले की आपलेही वधारते. अर्थात त्या वधारलेल्या गावात जुन्या भाडेकरूंना राहणे परवडेनासे झाले हेही त्याच आकड्याचे दुसरे नाव आहे. २०२३ मध्ये बोस्टनच्या नगर परिषदेने मर्यादित नियंत्रणाची परवानगी राज्याकडे पुन्हा मागितली. म्हणून भाडे दरवर्षी वाढतच जाईल असे धरून हिशोब करू नका. कायदा बदलू शकतो, आणि मुंबईचा अनुभव सांगतो की 'तात्पुरता' कायदा नातवंडांपर्यंत टिकतो.

करांचेही तसेच. १९८१ च्या कायद्याने घसारा पंधरा वर्षांत काढायला दिला, तेव्हा डॉक्टर-इंजिनीअर मंडळींनी केवळ कर वाचवायला तोट्यातल्या इमारती घेतल्या. १९८६ च्या कायद्याने घसारा साडेसत्तावीस वर्षांवर नेला आणि भाड्याचा तोटा पगारातून वजा करण्यावर मर्यादा घातली: २५ हजार डॉलरपर्यंत सूट, पण उत्पन्न एक लाखाच्या वर गेले की ती घटत जाते आणि दीड लाखाला संपते. हे आकडे आजही तेच आहेत. घरात दोघे सॉफ्टवेअरमध्ये असतील तर ही सूट तुमच्यासाठी नाही असेच समजा. तोटा पुढे ओढता येतो, पण विकताना काढलेल्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर बसतो. करासाठी घर घेऊ नका. कराशिवाय परवडत असेल तरच घ्या.

परवडते का, हे पाहायला माझाच २०२२ चा हिशोब देतो. मालमत्ता कर ५४००, विमा ४२००, पाणी २४००, दुरुस्तीसाठी बाजूला ६०००, बर्फ आणि सामाईक वीज १२००. एकूण १९,२०० डॉलर. कर्जाचा हप्ता वर्षाला सुमारे ११,७००. त्या वर्षी मागच्या पोर्चचे खांब कुजल्याचे निघाले. तिन्ही मजल्यांचे पोर्च नवे करायला ४८ हजार. पंधरा वर्षांवर वाटले तर वर्षाला ३२०० आणखी. तिन्ही फ्लॅटचे मिळून भाडे ४७,४०० यायचे. त्यातले ४७ टक्के हप्ता भरण्याआधीच गेले, आणि यात रिकामा महिना एकही धरलेला नाही. जुने जाणते म्हणतात भाड्यातला अर्धा खर्चाला धरा. ते बरोबर आहे.

तळमजल्यावर लिथुएनियन वंशाच्या एक आजी राहतात, मी घर घेण्याच्या कितीतरी आधीपासून. त्यांचे भाडे होते ९५०. वरच्या दोघांचे प्रत्येकी १५००. एजंट म्हणाला, आजी गेल्या तर १७०० सहज येतील. मी हिशोब केला तर आजींच्या वाटचा खर्च, हप्ता आणि पोर्च धरून, ९४७ डॉलर निघाला. म्हणजे महिन्याला मला तीन डॉलर उरत होते. पोर्चसाठी तर एकदम ४८ हजार हवे होते.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबा आयुष्यभर भाडेकरू. ते मागच्या पोर्चवर खुर्ची टाकून बसले, कठड्यावरून हात फिरवून म्हणाले, "ही तर आपली गॅलरीच की रे." मग थोड्या वेळाने, "खांब सडलेत. मालकाला सांगितलंस का?" आणि लक्षात आल्यावर स्वतःच हसले. मला हसू आले नाही.

मी पोर्च आधी केले, कर्ज काढून. मग हिशोबाचा कागद घेऊन आजींकडे गेलो आणि एकेक ओळ वाचून दाखवली. भाडे १०५० करतो म्हणालो. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला, विम्याचा आकडा दोनदा विचारला आणि म्हणाल्या की आधीच्या मालकाने कधीच काही दाखवले नव्हते. त्यांनी कबूल केले. बाजारभावाशी तुलना केली तर मी वर्षाला ७८०० डॉलर सोडतो. बायको अधूनमधून विचारते की हे दान आहे की धंदा. आजी एक महिनाही भाडे चुकवत नाहीत, गळणारा नळ पहिल्या दिवशी कळवतात, फ्लॅट कधी रिकामा नसतो. त्यातून काही भरून निघते, सगळे नाही. उरलेल्याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण भाडे २४ रुपयांवर गोठवायचे नाही आणि खांब सडू द्यायचे नाहीत, एवढे मी ठरवले आहे.

तेव्हा घर जरूर घ्या. झोनिंग पाहून, कर्जाची मुदत पाहून, अनामतीचे वेगळे खाते उघडून घ्या. आणि घेण्याआधी मागच्या बाजूला जाऊन पोर्चच्या खांबात एकदा स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. पुढच्या गणेशोत्सवात रांगेत भेटलात तर मला निवांत जेवू द्या.